बंपरची कवळी

सासऱ्यांच्या गाडीचा पुढचा बंपर फुटला तेव्हा आपण गाडी चालवत नव्हतो, फक्त तिचं इंजिन गरम करत होतो, असं दातांच्या डॉक्टरांचं म्हणणं होतं.

सासरे पंधरा दिवसांसाठी थोरल्या मुलीकडे गेले होते. जाताना त्यांनी धाकट्या जावयाच्या, म्हणजे डॉक्टरांच्या, हातात गाडीची किल्ली दिली आणि सोबत एक चिठ्ठी. ‘दर तीन दिवसांनी इंजिन दहा मिनिटे चालू ठेवणे. गाडी हलवू नये.’ शेवटच्या दोन शब्दांखाली दोन रेघा होत्या. सासऱ्यांची सगळी नोकरी जमिनीच्या मोजणी खात्यात गेली होती. त्यांची रेघ कधी वाकडी जात नसे आणि विनाकारण ओढलीही जात नसे.

गाडी बारा वर्षांची, पांढरी. रंग सासूबाईंनी पसंत केला होता. त्या गेल्यापासून सासरे ती रोज पुसत, आठवड्यातून एकदा स्वतः चालवत आणि दुसऱ्या कुणाला हातही लावू देत नसत. बारा वर्षांत डॉक्टरांच्या हाताला ती किल्ली पहिल्यांदाच लागली होती.

तीन वेळा त्यांनी चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणे केलं. चौथ्या वेळी, बुधवारी, इंजिन चालू असताना त्यांच्या मनात आलं, की इंजिनाचं ठीक आहे, पण चाकांचं काय? माणसालासुद्धा नुसता श्वास पुरत नाही, चार पावलं चालावं लागतं. म्हणून त्यांनी गाडी चार फूट पुढे घेतली. पाचव्या फुटावर सिमेंटची कुंडी होती.

कुंडीला काही झालं नाही.

आवाज ऐकून वडिलांचं घर झाडायला आलेली बायको बाहेर आली. बंपर मधोमध फाटला होता आणि त्याची डावी बाजू खाली लोंबत होती.

“हलवलीत?”

“चाकांना जरा व्यायाम.”

तिने बराच वेळ बंपरकडे पाहिलं. “बाबा रविवारी येतायत.”

“माहितीये मला.”

“मी यात नाही,” ती म्हणाली, आणि शोरूमला फोन लावायला आत गेली.

शोरूमवाल्यांनी मॉडेलचं नाव ऐकून आधी तब्येतीची चौकशी करावी तशी गाडीची चौकशी केली. मग सांगितलं, इतका जुना बंपर मागवावा लागेल, तीन आठवडे धरून चाला. जवळच्या गॅरेजकडे जायची सोय नव्हती. तिथला मालक सासऱ्यांचा बुद्धिबळातला जोडीदार होता, आणि पटावर हरायला लागला की समोरच्याचं लक्ष उडवण्यासाठी गावभरच्या बातम्या सांगायची त्याला सवय होती. तो बहुतेक वेळा हरत असे.

उरलं स्पेअर पार्टचं दुकान. दुकानदार काउंटरमागे चहा पीत होता. त्याने न उठता माळ्यावर बोट दाखवलं.

“आहे. एकच उरलाय.”

“डुप्लिकेट?” डॉक्टरांनी आवाज खाली आणला.

“डुप्लिकेट नका म्हणू साहेब. रेप्लिका. डुप्लिकेट म्हणजे फसवणूक. रेप्लिका आम्ही सांगून देतो.”

“बरोबर बसेल ना?”

“बसतो की.” दुकानदाराने चहाचा घोट घेतला. “म्हणजे, बसवावा लागतो.”

डॉक्टर या वाक्यावर खूश झाले. बसवणे हाच तर त्यांचा धंदा होता. बावीस वर्षं ते लोकांच्या तोंडात कवळ्या बसवत होते. तिथे अंधार, ओल, वळवळणारी जीभ आणि मधेच बोलायला लागणारा पेशंट. इथे तर सगळं उघड्यावर होतं आणि गाडीला जीभ नव्हती.

बंपर त्यांनी स्कूटरवरून आणला. बायको मागे बसली आणि तिने तो आडवा धरला. दोन्ही बाजूंना हातहातभर बाहेर आलेला तो काळा प्रकार घेऊन ते दोघे रस्त्याच्या मधून, विमान धावपट्टीवर यावं तसे, सावकाश घरी आले. चौकात एकाने काच खाली करून विचारलं, “उरलेली गाडी कुठाय?”

“येतेय मागनं,” बायको म्हणाली. ती यात नव्हती.

शुक्रवारी रंग. रंगारी म्हणाला, पांढरा ना, मग सोपंय. डॉक्टरांनी खिशातून एक पट्टी काढली. तिच्यावर ओळीने सोळा खोटे दात होते, प्रत्येकाचा पांढरा वेगळा. कवळीचा रंग तोंडातल्या खऱ्या दातांशी जुळवायला ही पट्टी लागते. गाडीच्या दाराजवळ एकेक दात धरून त्यांनी आदल्या दिवशीच तपासणी केली होती.

“ए-तीन आहे,” ते म्हणाले. “दिवसाला चार कप चहा पिणाऱ्या माणसाचा असतो तसा.”

रंगाऱ्याने एकदा दातांकडे पाहिलं, एकदा डॉक्टरांकडे. “साहेब, वीस वर्षं रंग मारतोय. लोक पानं घेऊन येतात, कापडं घेऊन येतात. दात पहिल्यांदाच आले.” पण त्याने तो दात तारेला लावून डब्याशेजारी टांगला आणि संध्याकाळपर्यंत हुबेहूब चहा प्यायलेला पांढरा तयार केला. इथवर सगळं चांगलं चाललं होतं.

शनिवारी सकाळी डॉक्टर दवाखान्यात न जाता सासऱ्यांच्या अंगणात गेले. जुना बंपर निघता निघेना, कारण तो दहा प्लास्टिकच्या खटक्यांवर अडकवलेला होता. डॉक्टरांनी दात उपटताना करतात तसं आधी हलवून सैल केलं, मग ओढलं. ‘टक्’ असा आवाज आला. असा आवाज सात वेळा आला. तीन खटके वाचले.

नवा बंपर त्यांनी लावला. उजवी बाजू झोकात बसली. डावी बाजू बोटभर बाहेर राहिली. त्यांनी डावी दाबली, तर उजवी बाहेर आली. उजवी दाबली, तर डावी. दोन्ही एकदम दाबायला बायकोला बोलावलं, तर बंपर मधून फुगला.

“रुसल्यासारखा दिसतोय,” बायको म्हणाली.

“कुठेतरी उंच लागतंय,” डॉक्टर म्हणाले. कवळी अशी बसेना, तर ते पेशंटच्या दातांमध्ये एक निळा कागद ठेवत आणि चावायला सांगत. जिथे निळा डाग पडेल तिथे उंचवटा, तेवढा घासायचा. त्यांनी तोच कागद बंपर आणि गाडीच्या पत्र्यामध्ये सरकवला आणि बायकोला गुडघा लावायला सांगितला. डाग पडला. दवाखान्यातून आणलेल्या छोट्या मशिनने त्यांनी तो घासला. पुन्हा कागद, पुन्हा गुडघा, पुन्हा डाग. असं अकरा वेळा झालं. बोटभराची फट पाऊण बोट झाली, पण डाग जिथल्या तिथे पडत राहिला. रंगाच्या पुडीने डॉक्टरांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या.

बारा वाजता दवाखान्यातल्या सिस्टरांचा फोन आला. त्या डॉक्टरांकडे पहिल्या दिवसापासून होत्या आणि गरजेपेक्षा एकही शब्द जास्त वापरत नसत.

“डॉक्टर, घासायचं मशीन दिसत नाही.”

“माझ्याकडे आहे.”

“खुर्चीत आजी आहेत. कवळी टोचते म्हणतात. आ करून बसल्यात.”

“किती वेळ?”

“साडेदहापासून. मधे दोनदा मिटला.”

डॉक्टरांनी आजींना सोमवारी यायला सांगितलं. अर्ध्या तासाने सिस्टर स्वतः अंगणात हजर झाल्या. आजींना घरी सोडून मशीन परत न्यायला त्या आल्या होत्या. त्यांनी पर्स कुंडीवर ठेवली, चष्मा लावला आणि बंपरच्या फटीतून आत पाहिलं.

“डॉक्टर, जुनं मूळ राहिलंय आत.”

“काय?”

“डावीकडं. जुन्या बंपरची पट्टी तशीच आहे. उजवीकडची निघालेली दिसते, तुमच्या पायाखाली पडलीये. नव्याला स्वतःची पट्टी आहेच. एकावर एक आल्यात.”

डॉक्टर गुडघ्यांवर बसून आत बघत राहिले. हिरडीत जुनं मूळ ठेवून वर कवळी बसवणाऱ्या डॉक्टरबद्दल ते आजवर काय काय बोलत आले होते, ते सगळं त्यांना एका दमात आठवलं.

पट्टी दोन स्क्रूंत निघाली. बंपर आपल्या पायांनी चालत यावा तसा आत सरकला, दोन्ही बाजू एकदम, आणि मग डाव्या कोपऱ्यात, जिथे अकरा वेळा घासलं होतं, तिथे एक भगदाड दिसायला लागलं. त्यातून मांजर नाही, पण मांजराचं पिल्लू गेलं असतं. कडेने काळं प्लास्टिक उघडं पडलं होतं.

“आता?” बायकोने विचारलं.

“भरायचं,” डॉक्टर म्हणाले. दातातल्या भगदाडांची त्यांना सवय होती.

कवळीसाठी वापरतात ती पावडर आणि द्रव त्यांनी वाटीत कालवला, भगदाडात भरला, बोटाने गुळगुळीत केला आणि चहा प्यायला आत गेले. बाहेर आले तेव्हा तो दगडासारखा घट्ट झाला होता. कवळीच्या हिरड्या गुलाबी असतात, हे सांगायची डॉक्टरांना गरज नव्हती. तरी बायकोने सांगितलं.

“गुलाबी झालाय.”

“दिसतंय मला.”

“बाबांच्या गाडीला हिरडी आलीये.”

सिस्टर मशीन पर्समध्ये टाकत म्हणाल्या, “वरून फिलिंगचं मटेरियल लावा. ए-तीनच्या चार ट्यूबा आहेत कपाटात. मी पाठवत नाही, तुम्ही येऊन न्या. मी काही बघितलं नाही.” आणि त्या गेल्या.

रविवारी दुपारी तीन वाजता डॉक्टर गाडीखाली पाठीवर झोपले होते. ते मटेरियल निळ्या प्रकाशात वाळतं. एका वेळी दाण्याएवढं लावायचं आणि वीस सेकंद प्रकाश धरायचा. दाढेला असे चार दाणे लागतात. बंपरला सकाळपासून दोनशेच्या वर झाले होते. पण काम मात्र सुरेख होत होतं. गुलाबी दिसेनासा झाला होता, कड सरळ आली होती. चौथी ट्यूब संपत आली होती. सासरे सहाला येणार होते. बायको शेजारी बसून सेकंद मोजत होती.

“अठरा, एकोणीस,” ती म्हणाली, आणि थांबली.

“वीस म्हण की.”

ती उठून उभी राहिली. गाडीखालून डॉक्टरांना दोन बूट दिसले. काळे, पॉलिश केलेले, एकमेकांना अगदी समांतर.

“डॉक्टर,” सासरे म्हणाले.

“बाबा, लवकर आलात.”

“बाहेर या.”

डॉक्टर सरपटत बाहेर आले. डोळ्यांवर नारिंगी चष्मा, भुवयांवर पांढरी पूड, हातात निळा दिवा. घरून येताना त्यांनी तीन निरनिराळ्या थापा तयार ठेवल्या होत्या. सासऱ्यांचा चेहरा पाहिल्यावर त्यांतली एकही तोंडाशी येईना.

“बाबा, मी गाडी हलवली. चार फूट. चुकलं माझं.”

सासरे पुढे आले. ते वाकले. अंगठ्याचं नख त्यांनी बंपरच्या वरच्या फटीत घातलं आणि उजवीकडून डावीकडे सावकाश ओढत नेलं. डाव्या कोपऱ्यात ते थांबले, तिथे त्यांनी बोटाच्या पेराने दोनदा टकटक केलं आणि कान जवळ नेला.

“उजवीकडे दोन मिलिमीटर,” ते म्हणाले. “डावीकडे साडेतीन.”

“काल सकाळी पंधरा होते, बाबा,” बायको म्हणाली.

“ओरिजिनल आहे?”

“रेप्लिका,” डॉक्टर म्हणाले.

“रंग तोच आहे.” हे ते जरा वेगळ्या आवाजात बोलले. “तिने निवडलेला. दुकानात सापडला नव्हता मला, आरशाला ओरखडा आला तेव्हा. कुणी बसवला हा?”

“मीच.”

“गॅरेजवाल्याला कळलंय?”

“नाही. कुणालाच कळलं नाही.”

“कुणालाच?”

“आमच्या सिस्टर येऊन गेल्या. पण त्यांनी काही बघितलं नाही.”

सासऱ्यांनी मान हलवली. मग त्यांनी फाटकाकडे पाहिलं, रस्त्यावर कुणी नाही याची खात्री केली आणि म्हणाले, “जरा बाहेर चला.”

बाहेर थोरल्या जावयाची गाडी उभी होती. चार महिन्यांपूर्वी घेतलेली, गडद निळी. थोरला जावई ऑफिसच्या कामाने परगावी जाताना आग्रहच करून गेला होता, की बाबा, बसने कशाला जाता, माझी गाडी न्या, मी गुरुवारी येऊन घेऊन जाईन. गाडीचा पुढचा बंपर सुतळीने बांधलेला होता. सुतळीचे वेढे एकमेकांपासून बरोबर सारख्या अंतरावर होते.

तिघे गाडीसमोर येऊन उभे राहिले.

“काय झालं, बाबा?” बायकोने विचारलं.

“पेट्रोल पंपावर खांब होता.”

“दिसला नाही?”

“दिसला. अंतर मोजत होतो मनात.”

“किती वाटलं?”

“दीड मीटर.”

“आणि होतं किती?”

“नव्हतं,” सासरे म्हणाले.

डॉक्टर पुढे झाले. उकिडवे बसून त्यांनी बंपरची सुटलेली बाजू दोन बोटांनी वर उचलली, खाली सोडली, पुन्हा उचलली, आत दिवा मारून पाहिला. त्यांचा चेहरा हळूहळू दवाखान्यातला झाला.

“बसेल,” ते म्हणाले. “पण दोन-तीन वेळा यावं लागेल.”

सासऱ्यांनी मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि मुलीच्या हातात दिलं. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या, दोन्ही सारख्या. मग ते जावयाशेजारी उकिडवे बसले.

“मी कुठून धरू?” त्यांनी विचारलं.