जानराव ताटीवाले यांची दिल्लीच्या परिपत्रकांवरील स्वारी

फाल्गुनमास, उन्हाचा अंमल अद्याप पुरता बसला नव्हता, ते समयी मुक्काम मालेगाव जहांगीर येथे राजश्री जानराव ताटीवाले अंगणात वाळ्याच्या ढिगापाशी बैसोन मोबाईलात दिल्लीचे फर्मान वाचीत होते. तो त्यांचा अखेरचा साधा दिवस, म्हणोन बखरीचा आरंभ तेथोनच करणे प्राप्त. लिहिणार त्यांची कन्या वैजयंती. जे पाहिले, ऐकिले, तेच लिहिले. पदरचे घातले ते आदरापुरते.

वाशीम येथील केंद्र सरकारच्या एका कचेरीतील कूलरांस दर उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्या बसविणे, हे वतन जानरावांकडे बहुत वर्षांचे. आणि दिल्लीदरबाराचा रिवाज ऐसा की कूलर तोच, ताटी तीच, वारा तोच, परंतु नियम दर साली नवा. एके साली हुकूम जाहला की कागदी अर्ज बंद, पोर्टलावर यावे. मग जानरावांनी पोर्टल सर केले. पुढले साली हुकूम आला की ठेकेदाराने कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावोन आपण खरोखरीचे मनुष्य असल्याचे सिद्ध करावे. मग जानराव सबंध दुपार ओट्यावर बैसोन डोळे मिचकावीत राहिले, आणि मोतीबिंदूचे ऑपरेशन ताजे असल्याकारणे यंत्र त्यांस मानेना, आणि रस्त्याने जाणारी मंडळी त्यांच्या कुटुंबास, सोजरबाईस, पुसती जाहली की भाऊ कोणाले डोळा मारून राह्यले.

"सरकारले," सोजरबाई बोलल्या. "मले त कधी मारला नाई."

सांप्रतचे फर्मान त्याहून कठीण. मालात देशी अंश किती टक्के, ते प्रतिज्ञेवर लिहावे. बाकीचे ठेकेदार शंभर लिहोन मोकळे जाहले. जानरावांनी वाळा तपासिला, तो देशी. बांबूच्या कामट्या तपासिल्या, त्या देशी. आणि मग खिळ्यांचा पुडा उलटा करोन पाहिला, तो त्यावर चीनचे नाव. तत्क्षणी हुकूम सुटला की जेवढ्या ताट्या तयार, तेवढ्यांचे खिळे उपटावे आणि ताट्या सुतळीने बांधाव्या.

तांड्यावरचा सेवालाल त्यांच्या हाताखाली ताट्या विणीत असे. तो पक्कड घेवोन उभा राहिला आणि अर्ज करिता जाहला, "भाऊ, दिल्लीवाला खिळा पाहाले येते काय?"

"तो नाई येत. म्हणून त मले पाहा लागते."

सोजरबाईंनी चुलीपाशीहून शेरा मारिला, "गवताची जन्मपत्रिका काढून राह्यले. जावयाची एवढी चौकशी नाई केली."

वैजयंती पुण्याहून माहेरी आली होती, ती हसली. जानरावही हसले, आणि सायंकाळपावेतो खिळे उपटण्याचे काम चालिले.

दुसरे दिवशी सकाळी सुतळी भिजवीत असता छातीत कळ आली, आणि गाडी वाशीमास पोचण्याआधी जानराव कैलासवासी जाहले. बखरीत ऐशा गोष्टीस एक ओळ देतात, तैसीच दिधली.

मग घरी माणसे आली, त्यांस वैजयंतीने चहा दिधला. फोन आले, ते सेवालालाच्या हाती दिधले. दाखल्याच्या अर्जात जेथे लिहावयाचे तेथे 'मयत' लिहिले, आणि तोंडाने ती गोष्ट कोणाजवळ काढिली नाही.

तेरवी उरकते तोच सेवालालाकडे आसेगावच्या मुकादमाचा सांगावा आला की बिऱ्हाडासुद्धा सुरतेस मजुरीला चलावे. सेवालाल म्हणाला, "ताई, ताट्याचं काम असलं त कायले जाऊ? नसलं त जाच लागते." तेव्हा ठेका राखिला तरच माणूस गावी राहतो, ऐसे जाणोन वैजयंतीने मोहीम अंगावर घेतली. पोर्टल उघडताच ते दर खेपेस "नमस्कार, जानराव" ऐसे म्हणे, आणि ती त्यास दुरुस्त न करिता पुढे जाई. वारसाचा दाखला चढविला, तो फाईल मोठी म्हणोन परत आला. लहान केला, तो अक्षर दिसेना म्हणोन परत आला. मग मधला मार्ग काढोन तिसऱ्या हल्ल्यात बुरूज पडला. इतक्यात नवे परिपत्रक आले की लहान ठेकेदारांस देशी अंशाची प्रतिज्ञा माफ.

सोजरबाई ढिगाकडे पाहात राहिल्या. मग म्हणाल्या, "थांबले असते तीन हप्ते, त खिळे तरी वाचले असते."

त्याच परिपत्रकाचे अखेरचे कलम ऐसे की मालकी बदलली असल्यास वारसाने व्हिडिओवर, स्वमुखे, साध्या वाक्यात कारण सांगावे. कागद पुरेसा नाही.

नेमल्या दिवशी रेंज वाळ्याच्या ढिगावरच मिळाली. सेवालाल वर चढोन मोबाईल धरिता जाहला, आणि पडद्यावर तपासणीच्या रेणू मॅडम, नागपूर मुक्कामाहून, प्रकट जाहल्या.

"कारण सांगा, ताई."

"दाखला जोडला आहे. तो पाहावा."

"पाह्यला. पण तोंडानं सांगा लागते. नियम नवा हाये."

"मालकीत बदल झाला आहे."

"काहून झाला, तेच विचारून राह्यली." मग त्या हळू बोलल्या, "मलेही बरं नाई वाटत, ताई. पण तुमी बोलल्याशिवाय हे पुढं सरकत नाई."

वैजयंतीने पाणी मागितले. सोजरबाईंनी तांब्या दिधला आणि तिच्या मागे, चित्रात येणार नाहीत ऐशा बेताने, उभ्या राहिल्या. मोबाईल धरोन सेवालालाचा हात भरोन आला, तरी त्याने खाली घेतला नाही.

येणेप्रमाणे स्वारी फत्ते जाहली. अर्ज मंजूर जाहला, वतन वैजयंतीचे नावे चढले, ताट्या वाशीमास रवाना जाहल्या, सेवालालाने मुकादमास नकार कळविला. ज्या वाक्याने किल्ला हाती आला, ते ध्वनिमुद्रणासह दिल्लीच्या दफ्तरी दाखल आहे. नियमास पहिले वाक्य पुरत होते. दुसरे कोणी मागितले नव्हते, तेही दाखल आहे:

"माहे आबा मेले. मले त्यायच्याबिगर करमत नाई."