धाकटीची दुबार नोंद

मुलांनो, डोळे मिटा आणि दोन मुलींची कल्पना करा. आठ वर्षांच्या, जुळ्या. थोरली अकरा मिनिटांनी मोठी आहे आणि त्या अकरा मिनिटांचा तोरा रोज मिरवते. झाल्या दोन मुली? पुन्हा मोजा. हा आकडा घट्ट धरून ठेवा, कारण या गोष्टीतली शिकलीसवरलेली माणसे तो लवकरच हरवणार आहेत.

शुक्रवारी शाळेत धावण्याची शर्यत होती आणि दोघींचे जुने बूट अंगठ्याशी फाटले होते. सोमवारी आईने बुटांच्या मोठ्या दुकानातून दोन जोड मागवले. दोन नंबरचे, लाल नाड्यांचे. मंगळवारी एकच खोका आला. आत चिठ्ठी होती : ‘आपली नोंद चुकून दुबार झाली होती. आम्ही काळजीपूर्वक एक रद्द केली आहे. धन्यवाद.’

थोरलीने लगेच बूट पायांत घातले. “मी मोठी आहे ना!”

“अकरा मिनिटांनी!” धाकटी ओरडली.

“मग? अकरा मिनिटं तुला जगात कोणी ओळखत नव्हतं.”

“दुकान तर अजून ओळखत नाही,” आजोबा चष्मा पुसत म्हणाले.

आई धाकटीला घेऊन तडक दुकानात गेली. काउंटरवरच्या ताई फार सौजन्याने वागत. त्यांनी स्क्रीनकडे पाहिले. धाकटीकडे पाहण्याची गरज पडली नाही.

“मॅडम, तुम्हाला एकच मुलगी आहे.”

“अहो, मला माहीत नसेल का?”

“तसं नाही हो. पण बघा ना, फोन नंबर तोच, पत्ता तोच, जन्मतारीख तीच, बुटाचा नंबरही तोच. म्हणजे व्यक्ती एकच.”

“नावं वेगळी आहेत की!”

“एक टोपणनाव असेल.”

धाकटीने काउंटरवर हनुवटी टेकवली. “मी इथे आहे.”

“हो गं बाळा,” ताई मायेने म्हणाल्या, “पण सिस्टममध्ये नाहीस.” मग आईकडे वळून, “दुरुस्तीचा अर्ज करा. त्यावर हिचा ग्राहक क्रमांक लिहायचा.”

“तो तर तुम्हीच रद्द केला!”

“म्हणूनच तर तीन महिने लागतात.”

आता तुम्ही विचाराल, दुकान एवढे शहाणे कसे झाले? सांगतो. त्या दुकानाची दोन गोदामे होती. एकात बूट असत. दुसऱ्यात माहिती असे : कोणी काय घेतले, कधी घेतले, काय परत केले, कशाकडे नुसते बघून निघून गेले. या दुसऱ्या गोदामाला छप्पर नसते, पोती नसतात, उंदीरही नसतात. तिथे काही माणसे दिवसभर खणत बसतात आणि कोणता ग्राहक पुढे काय घेईल ते शोधून काढतात. खऱ्या खाणीत खणणाऱ्याच्या डोक्यावर दगड पडला की त्याला आपले चुकले हे कळते. इथे ती सोय नाही.

धाकटी रद्द झाल्यामुळे गोदाम एका नोंदीने स्वच्छ झाले, म्हणून दुकानाच्या मॅनेजरसाहेबांचा टाळ्यांच्या गजरात गौरव झाला. गौरव झाला की माणूस थांबत नाही. बुधवारी सकाळी त्यांनी नवा नियम काढला : जन्मतारीख आणि बुटाचा नंबर बघत बसू नये, फोन आणि पत्ता एक असला की व्यक्ती एक. दुपारपर्यंत गोदाम इतके स्वच्छ झाले, की त्यात ग्राहक शोधावे लागू लागले.

आणि या स्वच्छतेतूनच एक अद्भुत ग्राहक वर आली. वय वर्षे आठ. गुडघ्यांना पट्टे बांधते. ऑफिसचे काळे बूट घालते, उंच टाचांच्या सँडल घालते आणि लाल नाड्यांनी धावते. दुकानाच्या मुख्य विश्लेषकांनी, म्हणजे गोदामात सर्वांत खोल खणणाऱ्या गृहस्थांनी, रात्रंदिवस नव्हे, जेवणाच्या सुट्टीआधीच निष्कर्ष काढला : या ग्राहकाला दहा पाय आहेत.

“खात्री आहे?” मॅनेजरसाहेबांनी विचारले.

“साहेब, आकडे खोटं बोलत नाहीत. एवढे बूट दोन पायांना लागतात का?”

“दहा पाय!” साहेबांचे डोळे भरून आले. “अशी एक हजार माणसं मिळाली तर काय बहार येईल!”

तुम्ही खुशाल हसा. पण तुमच्या घरीही सगळ्यांच्या खरेदीला एकच नंबर देतात ना? घरात माणसे किती? त्याला दोनने गुणा. तेवढ्या पायांनिशी तुम्ही आत्ता कुठल्या तरी गोदामात ऐटीत उभे आहात.

गुरुवारी दुपारी चार वाजता मॅनेजरसाहेब आणि विश्लेषक स्वतः घरी आले. दोघांच्याही गळ्यात दुकानाचे ओळखपत्र होते. दारात दोघांनी बूट काढले; दुकानाचा गणवेश असल्याने जोड अगदी सारखे, काळे, आठ नंबरचे. सोबत सन्मानाची भेट होती : बुटांचे पाच जोड, खास शिवून घेतलेले. आजोबांचा नऊ, बाबांचा आठ, आईचा पाच, मुलींचे दोन-दोन, या सर्व नंबरांची सरासरी काढून प्रत्येक जोड पाच पूर्णांक दोन दशांशाचा केला होता. आईने घालून पाहिले. पाच पूर्णांकांत पाय बसला, पण दोन दशांश प्रत्येक पावलाला मागून फटफटत होते.

“सन्माननीय ग्राहक कुठे आहेत?” साहेबांनी खोलीभर पाहत विचारले.

“आम्हीच ते,” बाबा म्हणाले. “आम्ही पाच जण आहोत.”

साहेबांचा चेहरा पडला. “पाच? मग तुम्ही आमचे ग्राहक नाही. तुम्ही घरात लपवलंय का तिला?”

विश्लेषकांनी वाकून पलंगाखाली पाहिले. आजोबा म्हणाले, “नीट बघा हो, माझी एक काठीही तिथेच आहे. तिलाही पाय मानलं तर अकरा होतील.”

विश्लेषकांनी ते टॅबलेटवर टिपून घेतले.

“माझी शर्यत उद्या आहे,” धाकटी म्हणाली. कोणी ऐकले नाही. तेव्हा तिने दोघांची ओळखपत्रे जवळ जाऊन वाचली. फोन नंबर वाचला, पत्ता वाचला, मान हलवली आणि ती हळूच दाराकडे गेली.

पाहुणे निघाले तेव्हा पायपुसण्यावर बुटांचा एकच जोड होता.

“दोन होते!” विश्लेषक म्हणाले.

“फोन तोच, पत्ता तोच,” धाकटी अत्यंत सौजन्याने म्हणाली. “तुमची नोंद चुकून दुबार झाली होती. मी काळजीपूर्वक एक रद्द केली आहे. धन्यवाद.”

“पण मी इथे उभा आहे!”

“हो ना,” धाकटी मायेने म्हणाली.

साहेबांनी पद मोठे म्हणून उरलेले बूट लगबगीने पायांत घातले. थोरलीला ते अगदी योग्य वाटले. विश्लेषक मोज्यांवर उभे राहिले. बाहेर नुकताच रस्ता धुतला होता. त्यांनी एकदा रस्त्याकडे पाहिले, एकदा धाकटीकडे पाहिले, अगदी नीट पाहिले, आणि टॅबलेट उघडला. तीन महिन्यांचे काम दीड मिनिटात झाले. अर्ध्या तासाने दुकानाचा माणूस खोका देऊन गेला. दोन नंबर, लाल नाड्या.

धाकटीने बूट घातले, नाड्यांच्या दुहेरी गाठी मारल्या, दोन उड्या मारल्या. मग आजोबांच्या कपाटातून विश्लेषकांचा डावा बूट काढून त्यांना दिला.

“आणि उजवा?”

“त्याला अर्ज करावा लागेल.” तिने वहीचे पान फाडले, पेन्सिल कानामागून काढली आणि विचारले, “मोबाइल नंबर?”

विश्लेषकांनी, तुम्ही-आम्ही सगळे काउंटरवर सांगतो तसाच, कशाला हवा असे न विचारता, दहाच्या दहा आकडे एका दमात सांगून टाकले.

धाकटीने ते लिहून घेतले, पानाची घडी केली आणि आपल्या खिशात ठेवली.