नंदाखाल-१२८ आणि सत्तावीस जिन्नस

ज्याच्याकडे लपवण्यासारखं काही नसतं, त्यालाच कुलपांची हौस जास्त असते. प्रस्तुत लेखक (मर्विन, मुक्काम नंदाखाल, पेशा संगणक) याला अपवाद नाही.

माहितीला कुलूप घालणारं एक मुक्त सॉफ्टवेअर जगभरचे स्वयंसेवक मिळून चालवतात. त्यात अकरा पद्धती आहेत. अकराही उत्तम चालतात, त्यामुळे बारावीची निकड उघडच होती. ती मी चार रविवारांत (चर्चमधल्या मिस्सेची वेळ वगळून) तयार केली आणि तिचं नाव ‘नंदाखाल-१२८’ ठेवलं. १२८ कशाचे, हे कृपया विचारू नये. अशा नावांपुढे आकडा लागतो.

नवी पद्धत घ्यावी म्हणून स्वयंसेवकांकडे अर्ज करावा लागतो आणि त्यासोबत चाचणीचा नमुना जोडावा लागतो. माझ्याकडे गुप्त काहीच नसल्याने आईच्या वर्षाच्या मसाल्याची कृती घेतली. आईचं, म्हणजे फ्लॉसीचं, वय एक्याऐंशी. नजर अधू झाल्यावर तिने ती पहिल्यांदाच कुणाला तरी, म्हणजे मला, लिहून घ्यायला लावली होती. सत्तावीस जिन्नस, मापांसकट. मी कृतीला कुलूप घातलं. सुरक्षेच्या तत्त्वानुसार मूळ कागद न्हाणीच्या चुलीत टाकला. किल्ली कुणाच्या हाती लागू नये म्हणून तीही त्याच फाइलमध्ये आधीच ठेवली होती.

फाइल उघडायला गेलो तेव्हा माझी पद्धत किती सुरक्षित आहे, याचा पहिला अनुभव मलाच आला. आईला पुन्हा विचारायचं, तर कागदाचं काय झालं तेही सांगावं लागलं असतं.

तीन दिवस अर्जावर एकही हरकत आली नाही (कुणी वाचलाच नव्हता). चौथ्या दिवशी नायगावच्या सुमेध नावाच्या परीक्षकाचा शेरा आला: ‘चहा गार व्हायच्या आत उघडली. पद्धत नामंजूर. आत मसाल्याची कृती निघाली, ती खाली सर्वांसाठी देत आहे.’

एवढा अपमान होऊन एवढा आनंद मला कधी झाला नव्हता. पद्धत जरा बरी असती, तर आमच्या घरचा मसाला कायमचा बुडाला असता.

पण घरची कृती जगजाहीर झाली होती. आईला सगळं सांगितलं.

“सत्तावीसच लिवलंस ना?” तिने विचारलं.

“हो.”

“मग होऊ दे जाहीर. अठ्ठाविसावं मी बोललेच नाय.”

“मला पण नाही?”

“कागद कोणी जाळला?”

अठ्ठाविसावा जिन्नस कुठेही नोंदलेला नाही, आणि ही पद्धत आजवर एकदाही फुटलेली नाही. बाराव्या जागेसाठी मी तिचीच शिफारस केली आहे.

तुम्ही खुशाल हसा. पण आईने लिहून दिलेल्या कृतीने केलेलं तुमचं कालवण तिच्यासारखं होतं का? नाही ना? मग फोन करा, पलीकडून उचलणारी अजून असेल तर.