घारपुरे मावशींचे अर्जदार

आमच्या शेजारच्या घारपुरे मावशी रोज सकाळी वर्तमानपत्रातल्या नोकरीच्या जाहिराती मोठ्यानं वाचायच्या, आणि त्यांना नोकरी नको असायची. अंगणात खुर्ची, नाकाच्या टोकावर चष्मा, हातात लाल पेन्सिल.

"‘पाहिजेत, साठ कारकून’," त्या वाचायच्या आणि साठाच्या आकड्याभोवती गोल काढायच्या. "म्हणजे साठ खुर्च्या, साठ जेवणाचे डबे, एकशेवीस चपला. आणि साठ माणसं दिवसभर बसून राहिली की वर्षा-दोन वर्षांत निदान चाळीस जणांना मूळव्याध. बघ, एवढ्याशा चौकोनात किती धंदे आहेत! आणि तुम्ही लेकाचे सगळे त्यातल्या एका खुर्चीमागं धावताय."

‘तुम्ही लेकाचे’ म्हणजे मी आणि विजू. ऐंशीच्या दशकातलं जयपूर. माझे वडील विम्याच्या ऑफिसात अधिकारी. बदली होऊन आम्ही जवाहर नगरात राहायला आलो होतो. मी नुकताच बी.कॉम. झालो होतो. त्या काळी बी.कॉम. झालेला मुलगा म्हणजे घरातलं दोन वेळा जेवणारं फर्निचर. विजू माझ्याआधी वर्षभर बी.ए. झाला होता, म्हणजे तो जरा जुनं फर्निचर. त्याचे वडील फौजेत सुभेदार. विजू जन्मापासून छावण्यांमधून वाढलेला, त्यामुळं त्याचं मराठी ऐकून आमची आई पदरात तोंड लपवायची. "काकू, मी खूप थकून गेला आहे, मला पाणी पिलवा ना," असं तो म्हणायचा.

मावशींची आणि माझी खरी ओळख झाली ती टायमुळं. मला एका सरकारी खात्यातून मुलाखतीचं बोलावणं आलं होतं आणि टाय नव्हता. घारपुरे काका बँकेत अधिकारी, त्यांच्याकडं टाय असणारच, म्हणून मी गेलो. काका फार बोलत नसत. त्यांनी कपाट उघडून तीन टाय पुढं धरले. बोलल्या त्या मावशी.

"तुला काय येतं रे?"

"ताळेबंद मांडता येतो."

"शेजारीपाजारी कुणाला हवाय का?"

"नाही."

"मग आणखी काय येतं?"

मी बराच विचार केला. "टायपिंग. इंग्रजी. बत्तीसचा स्पीड."

"अर्जदार आहे," त्या काकांकडं वळून म्हणाल्या. डॉक्टरनं ‘गोवर आहे’ म्हणावं तशा. "बघ बाळ, अर्जदार होऊ नकोस, दुकानदार हो. हा निळा टाय घे. मुलाखतीत नापास झालास की परत आणून दे."

मी नापास झालो. साहेबांनी मला आफ्रिकेतल्या अप्पर व्होल्टाची राजधानी विचारली होती. मी टाय परत द्यायला गेलो तेव्हा मावशींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"तुला तिथं जायचं होतं का?"

"कुठं?"

"त्या व्होल्टात."

"नाही हो. मला इथंच, गांधीनगरच्या ऑफिसात बसायचं होतं."

"मग बरं झालं. ज्यांना राजधानी कशाला विचारायची हेच ठाऊक नाही, त्यांच्याकडं तू काय शिकणार होतास?"

त्या दिवसापासून मी आणि विजू मावशींचे झालो. आमचं मत कुणी विचारलं नाही.

मावशींचा धंद्याचा अनुभव दांडगा होता, पण तो सगळा अर्धवट होता. काकांच्या अकरा गावी बदल्या झाल्या आणि मावशींनी अकरा धंदे काढले. रायपूरला लोणची. बरेलीला उशांचे अभ्रे. भावनगरला मुलींसाठी सायकल शिकवण्याचा वर्ग. त्यात स्वतः मावशींनाच सायकल येत नव्हती. त्या मागून ‘पुढं बघ, खाली नको बघूस’ एवढंच ओरडायच्या, आणि तेवढ्यावर चौदा मुली सायकल शिकल्या. धंदा जरा बाळसं धरू लागला की काकांच्या बदलीचा कागद यायचा. "माझा एकही धंदा बुडालेला नाही," त्या अभिमानानं सांगायच्या. "सगळे बदलीत गेले."

जयपुरातला पहिला धंदा थालीपिठांचा. रविवारी शहराबाहेर कानोत्याच्या धरणाच्या बांधावर लोक सहलीला जातात, तिथं गरम थालीपीठ आणि लोणी विकायचं. आम्ही स्टोव्ह, तवा आणि भाजणीचा डबा घेऊन बसनं गेलो. बांधावर पोचून बघतो तर प्रत्येक झाडाखाली एकेक मारवाडी कुटुंब गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत बाट्या भाजत बसलेलं. जयपूरचा माणूस सहलीला जातो तो मुळी जेवण करायलाच, हे आमच्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"थालीपीठ!" विजू कसाबसा ओरडला. "मतलब, गोल असतं... मतलब, रोटीच आहे, लेकिन भोकवाली!"

एका आजीबाईंनी आम्हाला जवळ बोलावलं. त्यांना वाटलं, बिचाऱ्यांच्या रोट्यांना भोकं पडली आहेत. त्यांनी आम्हाला दाल-बाटी वाढली, वर चुरमा वाढला, तूप तर असं ओतलं की विजू तिथंच झाडाला टेकून झोपला. मावशींनी त्यांना थालीपीठ लावून दाखवलं. संध्याकाळपर्यंत पाच कुटुंबांतल्या बायका तव्याभोवती बसल्या होत्या आणि एकही थालीपीठ विकलं गेलं नव्हतं, सगळी वाटली गेली होती. परतीच्या बसमध्ये मी खट्टू होऊन बसलो होतो. मावशींचा चेहरा मात्र लग्नाहून परतणाऱ्या बाईसारखा फुलला होता. मला वाटलं, बाई हिशेबाला कच्ची आहे.

मग एप्रिल लागला. जयपूरचा उन्हाळा माणसाला भाजत नाही, तळतो. घरोघर खिडकीला पत्र्याचे कूलर लागले. त्याच्या तिन्ही जाळ्यांमध्ये लाकडाच्या किसाचं गवत भरलेलं असतं, तिकडं त्याला ‘घास’ म्हणतात. पंपाचं पाणी त्यावरून झिरपतं आणि पंखा गार हवा आत फेकतो. पण गेल्या वर्षीची घास कुजलेली असली तर गार हवेऐवजी म्हशीच्या गोठ्याचा वास येतो. मावशींच्या घरात तोच येत होता. कूलरवाला ‘कल आऊँगा’ म्हणून गेला तो आठ दिवस उगवला नाही.

नवव्या दिवशी मावशींनी आम्हाला हाक मारली. "पोरांनो, जी गोष्ट आपल्याला पैसे देऊनही मिळत नाही, तीच विकायची. पाना कुठंय?"

पहिल्या, मावशींच्या कूलरनं विजूला शॉक दिला आणि मला अंघोळ घातली. दुसरा, आमच्या घरचा, आम्ही उलटा जोडला. तो घरातली हवा बाहेर फेकून शेजाऱ्यांना गार करू लागला. तिसरा चालला. पाचव्यापासून माझे हात डोक्याला न विचारता काम करू लागले. तीन वर्षं कॉलेजात असं कधी झालं नव्हतं.

खरी पंचाईत निराळीच होती. गल्लीत फिरून ओरडायचं कोणी?

"मावशी, मला शरम येते ना," विजू म्हणाला. "इथं सगळे मला पहचानतात. मी ग्रॅज्युएट आहे."

"सगळे ओळखतात? मग निम्मं काम झालं!" मावशींनी पदर खोचला आणि भर अकरा वाजता सेक्टर चारच्या तोंडाशी उभं राहून त्यांनी आरोळी ठोकली, "घाऽऽस! अच्छी, ताजी घाऽऽस!"

‘कूलर की’ हे शब्द त्या विसरल्या. दोन मिनिटांत एक गवळी दोन म्हशी घेऊन हजर झाला. "कितने की पूली, माँजी?" त्याला म्हशींसाठी गवताची पेंढी हवी होती.

मी तोंड फिरवलं. विजू भिंतीआड गेला. मावशी मात्र आमच्याकडं वळून म्हणाल्या, "बघितलंत? माल चुकीचा निघाला, पण गिऱ्हाईक खरं आलं. एका आरोळीत! तुमच्या अर्जांना कधी दोन मिनिटांत उत्तर आलंय?"

आलं नव्हतं. मी सायकलवर चढलो आणि ओरडलो. पहिल्यांदा आवाज फुटला नाही. दुसऱ्यांदा फुटला, आणि तिसऱ्या वेळी तर मलाच मजा वाटली. महिन्याभरात जवाहर नगर आमचं झालं आणि जूनमध्ये थेट सिविल लाइन्समधून बोलावणं आलं.

बंगला मोठा, कूलर मोठा, आणि समोर गंजीफ्रॉकमध्ये घामाघूम उभे असलेले साहेब म्हणजे तेच, अप्पर व्होल्टावाले. पंपात पाल अडकली होती. मी ती काढली, घास बदलली, बटण दाबलं. साहेब हवेसमोर डोळे मिटून उभे राहिले. मग डोळे उघडून माझ्याकडं निरखून बघत म्हणाले, "तुम्हें कहीं देखा है।"

मी म्हणालो, "जी सर. वागाडुगू."

मुलाखतीहून परतल्यावर मी राजधानी शोधून ठेवली होती. साहेब आधी गोंधळले आणि मग इतके हसले की आतून बाईसाहेब धावत आल्या. मी निघालो तसं साहेबांनी मला फाटकाशी थांबवलं. त्यांच्या ऑफिसात कारकुनाची एक जागा रिकामी होती. तात्पुरती, पण पुढं पक्की होण्यासारखी. सोमवारी येऊन भेट, म्हणाले.

घरी वडिलांनी देवापुढं साखर ठेवली. आई रडली. मला मात्र आता मावशींना सांगायला हवं होतं. मनात शिव्यांची तयारी करून मी दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो.

अंगणात लाकडी खोकी उघडून ठेवली होती. काका खाली बसून कपबश्या वर्तमानपत्रात गुंडाळत होते. बदलीचा कागद आला होता. शिलाँग.

मावशी पायरीवर बसल्या होत्या. मी एका दमात सगळं सांगून टाकलं.

"चांगलं झालं," त्या म्हणाल्या. "कर हो नोकरी."

मी घाबरलोच. "मावशी, तुम्ही असं म्हणताय?"

त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "अरे, मी आपली बोलते. बोलायला लागते म्हणून बोलते. अकरा गावं झाली माझी. नव्या गावात पहिले सहा-सहा महिने कुणी दार वाजवत नाही. हे दहाला जातात, मग मी आणि भिंती. बरेलीला एकदा पोस्टमन चुकून आमच्या घरी आला, त्याला मी बसवून चहा पाजला, पोहे खायला घातले. बिचारा घाबरून गेला. पण काही विकायला काढलं ना, की माणसं येतात रे. भाव करतात, नावं ठेवतात, भांडतात, पण घटकाभर बसतात. म्हणून मी धंदे काढते. दुकानदारीचं काय घेऊन बसलास!"

खोक्याशी बसलेल्या काकांचे हात थांबले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"तुमचा धंदा मात्र खरा आहे," मावशी म्हणाल्या. "तो माझ्या नादानं चालवू नकोस आणि मी जातेय म्हणून मोडूही नकोस. तुझं तू बघ."

सोमवारी मी साहेबांना भेटायला निघालो. चांगला शर्ट, तेल लावून भांग. गल्लीच्या वळणावर एक बाई गच्चीतून ओरडल्या, "ओ कूलरवाले भैया! कल आओगे न? बच्चे गर्मी में सो नहीं पाते!" मी सायकल थांबवली. वर्षभर मी पोस्टमनची वाट बघत काढलं होतं. माझी वाट कुणी बघतंय, हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. साहेबांकडं गेलो, पण नोकरी नको असं सांगायला. ते म्हणाले, "सोच लो।" मी म्हणालो, "सोच लिया।" वडील माझ्याशी आठ दिवस बोलले नाहीत. नवव्या दिवशी त्यांच्या ऑफिसातला कूलर बंद पडला तेव्हा बोलले.

मावशी गेल्या. महिन्याभरानं त्यांचं पत्र आलं. ‘इथं कूलरचं नाव काढलं की लोक शाल पांघरतात. पाऊस फार. स्वेटर विणायला घ्यावेत म्हणते, पण इथल्या बायका माझ्याहून छान विणतात. भाषा कळत नाही. बाकी ठीक.’ इतकंच. एकही लाल गोल नाही, एकही उपदेश नाही. विजूनं ते पत्र दोनदा वाचलं आणि तो म्हणाला, "हे मावशींचं पत्र नाही वाटत. मतलब, अक्षर त्यांचंच आहे, पण..."

पाऊस लागला आणि कूलरचा हंगाम संपला. आम्ही गुवाहाटीची तिकिटं काढली. तीन दिवस गाडीत, मग घाटातून बस. विजू प्रत्येक वळणावर देवाचं नाव घेत होता. शिलाँगला भर पावसात पत्ता विचारत विचारत एका उतारावरच्या लहानशा घरापाशी पोचलो आणि मी दार वाजवलं.

आत काहीतरी खाली पडलं. मग पावलं आली, घाईघाईनं. दार उघडलं. मावशींच्या खांद्यावर शाल होती. त्या आमच्याकडं बघत राहिल्या. आम्ही निथळत होतो.

"तिकडं धंदा कोण बघतंय?" त्यांनी विचारलं. आवाज खडसावण्याचा होता, पण शेवटी फाटला.

"बंद आहे, मावशी. पाऊस आहे ना," विजू म्हणाला.

"बसा. चहा टाकते," असं म्हणून त्या वळल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. काकांनी आम्हाला टॉवेल दिले, खुर्च्या दिल्या. आतून भांड्यांचा आवाज येत होता, मग तोही थांबला. मी उठू लागलो तसा काकांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"बसा," ते हळूच म्हणाले. "तिला जरा वेळ लागेल."