कुलपाच्या आतली बेल

बायको चन्नबसम्मा गेल्याचा फोन आला, तेव्हा ईश्वरअप्पांच्या मंगल कार्यालयासमोर टेम्पोतून नवा कमोड उतरत होता. अर्धांगवायूनं चन्नबसम्माचा उजवा हात आणि पाय गेला होता. गंगाखेडातल्या त्या कार्यालयात सगळे संडास पायऱ्या चढून असल्यानं मालकीणबाईच घरच्या कार्यालयातल्या लग्नांना येईनाशी झाली होती. म्हणून अप्पांनी मागच्या बोळात तिच्यासाठी एक संडास बांधायला काढला होता. रुंद दार, भिंतीला धरायचा दांडा आणि हाताशी एक दोरी. दोरी ओढली की ऑफिसात अप्पांच्या डोक्यावर बेल वाजणार. लाइटचा भरवसा नाही म्हणून बेल सेलवर चालणारी.

टेम्पोवाल्यानं विचारलं, "अप्पा, परत न्यायचा का?"

"बसवा," अप्पा म्हणाले.

काम पुरं झालं तसं अप्पांनी बाहेरून कुलूप लावलं आणि किल्ली करदोट्याला बांधली. आत कोणी गेलंच नाही.

वर्ष झालं. वालूरकडचं लग्न होतं. लाइट गेली होती, जनरेटर फक्त हॉलपुरता चालू होता. अंधाऱ्या ऑफिसात अप्पा एकटेच बसले होते. डोक्यावरची बेल वाजली.

परमेश्वर आचारी साखर मागायला आला होता. "अप्पा, बेल वाजायलीय."

"तुला बी ऐकू आली?"

"मला बी म्हंजे?" परमेश्वर दारातच थांबला.

दोघं बोळात गेले. दाराला कुलूप होतं. अप्पांनी ओढून पाहिलं. किल्ली कमरेला होती. मागं ऑफिसात बेल पुन्हा वाजली.

"उंदीर असंल," परमेश्वर म्हणाला. पण एक पाय त्यानं मागं घेतला होता.

आतून कोणीतरी खोकललं. मग फरशीवर घुमून, विहिरीतून यावा तसा आवाज आला, "अवं, पाणी येईना."

संसारभर अप्पांनी चन्नबसम्माकडून हेच वाक्य ऐकलं होतं. आवाज जरा जाड वाटला. पण वर्ष झालं होतं, बदलत असेल.

"परमेश्वर, गच्चीवरचा कॉक उघड."

"अप्पा, त्यांना आता पाणी कशाला लागतंय?"

"उघड म्हणतो ना."

परमेश्वरनं कॉक उघडला आणि तो परत बोळाकडं फिरकला नाही. पण त्याची गोष्ट फिरली. वाढपी कस्तुराबाई आल्या, संडासाच्या उंबऱ्यावर हळदीकुंकू आणि नारळ ठेवून, पाठ न दाखवता मागं मागं निघून गेल्या.

अप्पांनी दाराला तोंड लावलं. "आलं का पाणी?"

"आलं. पण हा दांडा उजव्या अंगाला कुण्या शहाण्यानं बसवलाय? माझ्या उजव्या हातात जीव हाय का?"

अप्पांनी भिंतीचा आधार घेतला. "मीच सांगितलं मिस्त्र्याला. ज्या हातात जोर न्हाई त्यालाच आधार पाहिजे, असं वाटलं."

"मग धरायचं कशानं? आधी विचारायचं तरी."

"विचारायच्या आधीच तू गेलीस."

आत काहीतरी करकरलं. मग, "मी कुठं गेले? हितंच हाय की कवाची."

अप्पांनी कपाळ दाराला टेकवलं. कपाळावरचा भस्माचा पट्टा दारावर उमटला.

"आन् बेसिन लय वर हाय. आरशात माझं कपाळ बी दिसंना."

"खाली घेतो. उद्याच घेतो."

"उद्याचं उद्या. आता दार उघडा."

किल्ली हातात होती, पण हात पुढं जाईना. दार उघडलं आणि आत कोणी नसलं तर? निदान आता आवाज तरी येत होता.

"थोडं थांब," अप्पा म्हणाले. "अजून बोल काहीतरी."

"काय बोलू? अक्षता पडायची वेळ झाली. भाचीचं लगीन हाय माझ्या."

चन्नबसम्माला भाची नव्हती. अप्पांनी कुलूप काढलं.

आत चाकाच्या खुर्चीत वालूरच्या तानुबाई बसल्या होत्या, नवरीच्या मावशी. नवं लुगडं, आणि डाव्या मुठीत घामानं चिकटलेल्या अक्षता. तेवढ्यात अप्पांचा पुतण्या महांतेश धावत आला. त्याच्या हातात दुसरी किल्ली होती.

"अप्पा, मावशींची लय अडचण झाली होती. म्हणून म्या गुपचूप उघडलं. तुमी ऑफिसाकडं जाताना दिसले, भ्यालो, कुलूप घातलं. तेवढ्यात नवरदेवाच्या मामानं फेटे बांधायला ओढून नेलं."

तानुबाई अप्पांकडं बघत होत्या. "तुमी मला अरेतुरे काय करायलाव? वळख न्हाई, पाळख न्हाई."

"चुकलं, बाई."

"आन् ही पूजा कशाची?"

महांतेश म्हणाला, "आज उद्घाटन हाय."

"मग फोडा की नारळ. माझी खुर्ची अडलीय."

अप्पांनी नारळ फोडला. तानुबाईंनी खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि महांतेशनं खुर्ची हॉलकडं पळवली. अप्पा रिकाम्या संडासात जाऊन उभे राहिले. त्यांनी दोरी एकदा ओढली. लांब ऑफिसात बेल वाजली. तिथं ऐकायला कोणी नव्हतं.

त्यानंतर कुलूप लागलं नाही. डाव्या अंगाला दांडा बसला, बेसिन आणि आरसा खाली आला. आता बेल वाजली की अप्पा दुसऱ्या कोणाला उठू देत नाहीत. स्वतः बोळात जातात आणि बाहेरूनच विचारतात, "पाणी आलं का?" आतून कोणाचाही आवाज आला तरी पुरा ऐकून घेतात.

मध्यंतरी पाटी रंगवायला पेंटर आला होता. "दिव्यांगांसाठी, एवढंच लिव्ह," महांतेश म्हणाला.

"वर कुणाचं नाव टाकायचं का?" पेंटरनं विचारलं.

"सांगतो," अप्पा म्हणाले.

पाटी अजून रंगवायची राहिली आहे.