मर्लचा चर

ऐन शेवटच्या षटकात टीव्ही तिसऱ्यांदा बंद पडला, तेव्हा डेस प्रॉसरने मागच्या दारातून बोंब ठोकली, "मर्ल! बंद कर तुझं ते वेल्डिंग!"

मागच्या शेडमध्ये त्याची बायको नांगराच्या जुन्या फाळांचा इमू पक्षी जोडत होती. गावचं प्रदर्शन दोन आठवड्यांवर आलं होतं आणि इमूला अजून मान नव्हती. घरातून ओढलेल्या वायरीवर वेल्डिंग सुरू केलं, की अख्ख्या घराची वीज जायची.

"मग शेडला वेगळी वीज घेते. जमिनीतून," मर्ल म्हणाली.

"चर कोण खणणार? फेब्रुवारीतली, उन्हाळ्याने भाजलेली जमीन आहे ही. कुदळ वाकेल."

"मी खणणार. आणि तू हात लावायचा नाहीस!"

वायरमन गॅव्हिनने फोनवर बजावलं, "वायरीचा पाइप मीच घालणार, कायदाच आहे तसा. तू चर खणून उघडा ठेव. सोमवारी येतो. दुपारी खाणीवर निघालो की महिनाभर नाही."

अडुसष्ट वर्षांची मर्ल रोज पहाटे खणायला लागली. डेस आणि शेजारचा लिंडसे कुंपणाला टेकून गार बिअर पीत सल्ले देत राहिले.

"पाठ मोडेल हं, मर्ल," लिंडसे म्हणाला.

"तुमची तोंडं नाही मोडत? आठवडाभर चाललीत!"

शनिवारी चर शेडला भिडला. रविवारी मर्ल ऐटीत बहिणीकडे मुक्कामाला गेली आणि इकडे दोघांचं मन खाऊ लागलं. या गावात कुणाचं जड काम निघालं, की न बोलावता जाऊन हात लावायची रीत होती. ती मोडल्याची लाज दोघांनी एका दुपारीत धुऊन काढली. त्यांनी चर बुजवला, माती ठोकली, वर हिरवळीचे तुकडे बसवून पाणीसुद्धा मारलं.

सोमवारी सकाळी मर्ल परतली, तेव्हा गॅव्हिन हिरवळीवर उभा राहून इकडेतिकडे बघत होता. "चर कुठाय?"

"बुजवला! आम्ही दोघांनी!" लिंडसेने छाती फुगवली.

"आणि पाइप?"

नारिंगी पाइप शेडच्या मागे होता तसाच उभा होता.

"लिंडसे, तू बघितला होतास ना आत?"

"मी? मला वाटलं, तू बघितलास!"

गॅव्हिनला हसू आवरेना. "खांब ठोकून वरून वायर नेऊ का?"

दोघांनी जोरजोरात माना डोलावल्या.

"मुळीच नाही," मर्ल कडाडली. "मी जमीन खणलीय, वायर जमिनीतूनच जाणार. गॅव्हिन, तू चहा घे. हे दोघं खणतात."

तासाभरात चर पुन्हा उघडा झाला. डेस घामाने निथळत होता, पण चेहरा नुसता उजळला होता. "बघ! तुला आठवडा लागला, आम्ही तासात उडवला. पुरुषाचा हात म्हणतात याला!"

मर्लच्या डोक्यात तिडीक गेली. शेडपासून कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत तिने टाचेने सरळ रेघ ओढली.

"गॅव्हिन, खुराड्यातही एक दिवा बसव. डेस, ही जमीन कुणी खणलेली नाही. लाव तुझा पुरुषाचा हात!"

डेसने ऐटीत कुदळ हाणली. ती टणकन उडून परत आली. त्याने पुन्हा हाणली, मग मागे वळून पाहिलं, तर लिंडसे कुंपण ओलांडून घरी निघाला होता.

"मर्ल," कपाळ पुसत डेस म्हणाला, "कोंबड्या तशा लवकरच झोपतात गं."