इन्फ्लुएन्झाचे ग्रह

ऐन इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी काचीगुड्याच्या अविनाशला ताप भरला. सरकारी कचेरीत फायली सरकवून तो पुरता विटला होता. हिमायतनगरात नव्यानंच निघालेल्या कॉम्प्युटर कंपनीत काहीही करून शिरायचं, असं त्यानं ठरवलं होतं. सगळा देश खुला झाला, आपणच का कोंडून घ्यायचं?

डॉक्टरांनी चिठ्ठीवर इन्फ्लुएन्झा लिहिलं. अविनाशला शब्दांची मुळं खणायची भारी खोड. अंग फणफणलंय म्हणून काय झालं, गप्प बसेल तर शपथ!

"आत्या, गंमत ऐक. हा इटालियन शब्द. इन्फ्लुएन्झा म्हणजे प्रभाव. पूर्वी लोकांना वाटायचं, ही साथ ताऱ्यांच्या प्रभावानं येते. काय एकेक खुळं!"

कुसुमआत्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली. "म्हणजे ग्रहांमुळं?"

"तसं वाटायचं गं. आता नाही."

"मग डागदर अजून तेच नाव कशाला लिहितात? मी शनी वाकडा म्हटलं की तेवढे दात काढता तुम्ही!"

आत्यांनी पंचांग उघडलं आणि गुरुवारपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही, असा हुकूम सोडला. अनुराधानं लगेच नवऱ्याचे बूट लपवले. एरवी या सासू-सुनांचं, म्हणजे आत्या आणि भाचेसुनेचं, कशावर म्हणून एकमत होत नसे. अविनाश रडकुंडीला आला. नोकरी हातची चालली होती आणि ती घालवली होती त्याच्याच विद्वत्तेनं.

"निदान ताप आलाय म्हणून फोन तरी करू दे!"

"तू पड. मी करते." आत्यांनी नंबर फिरवला. "हलो, रेड्डीसाब? अविनाश कल नै आता. उसके ग्रहां ठीक नै. जुमेरात के बाद बुलाव."

अविनाशनं डोक्यावरून चादर ओढली. अमेरिकेहून शिकून आलेला कंपनीचा हा साहेब पोट धरून हसत असणार, याची त्याला खात्रीच होती.

पण शुक्रवारचं बोलावणं आलं. अविनाश मान खाली घालून साहेबांसमोर बसला. रेड्डीसाहेब घड्याळाकडे पाहत म्हणाले, "थोडा ठैरो. राहुकाल खतम होने देव."

तो संपल्यावर त्यांनी सर्टिफिकेटांची फाईल न उघडताच बाजूला सारली.

"फोन पे कौन थे वो?"

"आमची... मेरी आत्या, सर."

"तुमारी नौकरी पक्की. जॉइन कब होना, वो आत्या कू पूछ के बताव. और हमारी नवी ब्रँच का मुहूर्त भी."

ग्रहताऱ्यांना जन्मभर थोतांड म्हणत आलेला अविनाश घशाशी आलेलं सगळं गिळून म्हणाला, "हौ, सर."